टिटवीला मुदतवाढ

आपली पोरगी काय करते, हे माणसाला एका शब्दात सांगता आलं पाहिजे. डॉक्टर आहे, मास्तरीण आहे, बँकेत आहे. अगदीच काही नसेल तर 'तयारी करतेय' म्हणावं, म्हणजे समोरचा स्पर्धा परीक्षा समजतो आणि दयेनं विषय बदलतो. श्रीमंतराव गर्जे यांचं दुखणं एवढंच होतं की त्यांची पंकजा जे काही करत होती त्याला असा शब्द नव्हता.

होता, पण तो 'फेलोशिप' होता. सावेडीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या निवृत्त मंडळींपुढे तो उच्चारला की तीन प्रश्न ठरलेले. "म्हणजे नोकरी का?" नाही. "मग शिक्षण?" नाही, ते झालं, पर्यावरण विषयात एमएस्सी, पहिला वर्ग. "मग करते काय?" इथं आल्यावर श्रीमंतरावांची बोबडी वळे. चौतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस, शेवटची नऊ हेडक्लार्क, ज्याला बघून अर्जदार आपोआप उभे राहत, तो स्वतःच्या पोरीच्या कामापुढे गप्प! एकदा धीर करून ते म्हणाले, "सीनेच्या काठाला नवं उद्यान झालंय ना, तिथं ती लोकांना नदी दाखवते."

शेजारचे भागवत सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा खाली ओढला. "का हो भाऊसाहेब? लोकांना दिसत नाही का?"

त्या दिवसापासून श्रीमंतराव 'तयारी करतेय' असंच सांगू लागले.

आणि तयारी त्यांनी खरोखरच केली होती. पुण्याच्या एका क्लासचा प्रवेश अर्ज भरून टीव्हीखालच्या खणात ठेवला होता, फक्त पंकजाची सही बाकी होती. फेलोशिपच्या पत्रातली अट त्यांनी हेडक्लार्कच्या डोळ्यांनी वाचली होती ना! वर्षाची फेलोशिप, पण पाच जूनला आढावा. तोवर एका तरी नदीफेरीला किमान शंभर नागरिकांची सहीनिशी उपस्थिती हवी, नाहीतर तिथंच समाप्त. शंभर माणसं नदीवर? दहाव्याला जमत नाहीत हल्ली.

पंकजाचा आजवरचा उच्चांक होता अकरा. त्यातली चार शाळेतली पोरं सहल समजून आली आणि घसरगुंडीकडे पांगली. दोघं हरवलेली म्हैस शोधत आले होते, त्यांनी सह्या केल्या आणि 'दिसल्यास कळवणे' म्हणून मोबाईल नंबरही लिहिला. दोघांना वाटलं फुकट रक्तदाब तपासतात. राहिलेल्या तिघी म्हणजे पंकजाची आई मुक्ताबाई आणि भजनी मंडळातल्या तिच्या दोन मैत्रिणी. त्यांनी नदीकडे बघून हात जोडले आणि "चला, झालं," म्हणून रिक्षा बोलावली.

सल्ल्यांची मात्र कमतरता नव्हती. भागवत सर म्हणाले, "नदी कोण बघतं? भेळ ठेवा." कट्ट्यावरचे दुसरे म्हणाले, पैठणीचा खेळ ठेवा, बाया लोटतील. तिसऱ्यांनी लकी ड्रॉ सुचवला. पंकजा सगळं ऐकून घ्यायची, हसायची, आणि सकाळी सहाला डोक्याला स्कार्फ बांधून, दुर्बीण गळ्यात अडकवून स्कूटीला किक मारायची. कसली जिद्द म्हणायची ही? श्रीमंतरावांना राग यायचा, आणि त्या रागाच्या खाली कुठंतरी पोटात तुटायचंही. पण ते त्यांनी मुक्ताबाईंनासुद्धा कळू दिलं नाही.

मे महिन्याच्या मध्याला पोरगी डबा विसरून गेली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मुक्ताबाई म्हणाल्या, "अहो, देऊन या ना, उपाशी मरायची ती." तर श्रीमंतराव पहिल्यांदाच त्या नदी उद्यानात पाऊल ठेवते झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डबा, चेहऱ्यावर तपासणी अधिकाऱ्याचा भाव.

दहा पावलं गेले नाहीत तोच आभाळातून काहीतरी किंचाळत आलं आणि त्यांच्या टकलावरून वीतभर अंतरानं सूंऽऽ करून गेलं. "टिटिव टीव! टिटिव टीव!" श्रीमंतराव खाली बसले. पुन्हा आलं. त्यांनी डबा डोक्यावर धरला. भाजीचा रस्सा कॉलरमधून आत उतरला. सांगायला नको, पण भूतपूर्व हेडक्लार्क त्या वेळी "आईऽ गं!" असं ओरडले.

"अण्णा, हलू नका!" पंकजा झुडपाआडून आली. "तिची अंडी आहेत तिथं. तुम्ही अगदी जवळ आलात."

"कुठंयत?"

"समोर बघा. त्या मुरमाच्या ढिगावर."

श्रीमंतरावांनी बघितलं. मुरूम दिसला, खडे दिसले. "दिसत नाहीत." पंकजा म्हणाली, बघत राहा. ते बघत राहिले. तिनं हात लांब करून बोट दाखवलं, तरी खडेच. आणि मग एकाएकी, कसं कोण जाणे, त्या खड्यांतले चार खडे खडे राहिलेच नाहीत. मातकट रंग, वर काळे ठिपके, चारही टोकं आतल्या बाजूला, कुणीतरी निगुतीनं मांडून ठेवल्यासारखी. इतका वेळ आपण त्यांच्याकडेच बघत होतो! चौतीस वर्षं कागद तपासले, स्वल्पविराम नजरेतून सुटला नाही, आणि डोळ्यांसमोरची अंडी दिसू नयेत?

"बाजूला सरकू या," पंकजा म्हणाली. "ती आता पाण्यावर जाईल."

ते दोघं बाभळीखाली बसले. टिटवी खाली उतरली. काळं डोकं, डोळ्यांपुढे लाल, पिवळ्या काड्यांचे पाय. अंड्यांपाशी न जाता ती तुरुतुरु नदीच्या डबक्याकडे गेली, पोट पाण्यात बुडवून बसली आणि उठून तशीच ठिबकत परत आली. मग अंड्यांवर उभी राहिली. बसली नाही, उभी. पोटाची पिसं फुलवून, सावली धरून, आणि पिसांतलं पाणी थेंब थेंब अंड्यांवर गळत होतं.

"उबवायचं नाही, गार करायचं असतं या उन्हात," पंकजा हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर आतल्या आत उकडून जातील. दिवसातून वीस-वीस फेऱ्या मारते. नर आणि मादी पाळीनं."

"कुणी शिकवलं तिला?"

"माहीत नाही, अण्णा."

एवढी शिकलेली पोरगी 'माहीत नाही' म्हणाली आणि ते म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. श्रीमंतराव तिथं तीन तास बसले. भाजी शर्टावर वाळून गेली. घरी आल्यावर मुक्ताबाईंना म्हणाले, "अगं, काय सांगू तुला!" आणि खरंच त्यांना पुढं काही सांगता येईना.

मुक्ताबाई म्हणाल्या, "टिटवी? अगंबाई, ती अशुभ असते." श्रीमंतराव लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यावर खेकसले, "अशुभ काय अशुभ! तू भरशील का उन्हात वीस फेऱ्या?"

पण खरी गंमत पुढं आहे, आणि गंमत म्हणजे संकट. तो मुरमाचा ढीग उद्यानाचे कंत्राटदार आप्पासाहेब यांनी टाकलेला, दोन जूनला सपाट होणार होता. पाच जून, जागतिक पर्यावरण दिन; त्या जागी व्यासपीठ, कारण फोटोत मागे नदी येते. अंडी फुटायला पंकजाच्या हिशेबानं चार-पाच जून उजाडणार होता. ती उद्यान समितीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष गोड बोलले. म्हणाले, "पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात पक्ष्यांमुळे अडथळा नको. शिवाय तुमचा आढावाही त्याच दिवशी आहे, नाही का?"

पंकजा घरी आली. जेवताना एवढंच म्हणाली, "मी नाही हलवू देणार, अण्णा. फेलोशिप गेली तर गेली."

क्लासचा अर्ज टीव्हीखाली होता. नुसतं गप्प बसलं असतं तरी श्रीमंतरावांच्या मनासारखं झालं असतं. पण माणसाचं मन म्हणजे काय सांगावं! ते उठले, फुलस्केप कागद काढला, समास पाडला आणि लिहिलं: 'विषय: टिटवी या पक्ष्यास चालू जागेवर एकवीस दिवस मुदतवाढ मिळणेबाबत.'

अर्ज असा की त्यात कुणाला खोट काढता येऊ नये. तो घेऊन ते एका कार्यालयात गेले. तिथले बाबू म्हणाले, नदीपात्र आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात विचारलं, पक्षी जखमी आहे का? नाही? मग आमचं काम नाही, जखमी झाल्यावर या. तिसरीकडे एक कोवळा कारकून, मिसरूड नुकतं फुटलेलं, त्यानं अर्ज उलटा-सुलटा केला. "जिल्हा अहमदनगर लिहिलंय. अहिल्यानगर करून आणा." करून आणलं. "अर्जदाराचा या जागेशी संबंध काय?" श्रीमंतराव म्हणाले, "संबंध टिटवीचा आहे." तो म्हणाला, "मग सही तिची पाहिजे. त्रुटी लिहितो, पूर्तता करा, मग बघू."

त्रुटी! पूर्तता! आयुष्यभर हेच शब्द त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूनं उच्चारले होते. खिडकीच्या बाहेर उभं राहून ऐकायला ते इतके लागतात, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळलं. ते बाहेर येऊन लिंबाच्या पारावर बसले. कितीक माणसं अशी आपल्यामुळं पारावर बसली असतील, असं त्यांच्या मनात आलं.

त्या हताश मनःस्थितीत त्यांनी तो प्रमाद केला. टिटवी निदान डोळ्यांनी बघायला तरी चार माणसं यावीत, पोरीच्या नदीफेरीला थोडी गर्दी व्हावी, म्हणून त्यांनी अंड्यांचा फोटो पाथर्डीकडच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. कारकुनी शिस्तीनं सगळा तपशील दिला: 'सीनाकाठी उंच ढिगावर टिटवीची चार अंडी. टोके आत. पाहण्यास अवश्य यावे.' आणि दुपारची झोप काढायला गेले.

गावाकडून शहरात येऊन तीस वर्षं झाली की माणूस काय विसरतो बघा. मृग तोंडावर, मागची दोन वर्षं पावसानं हूल दिलेली, बियाणं घरात येऊन पडलेलं, अख्खा पूर्वभाग आभाळाकडं डोळे लावून बसलेला. आणि अशा वेळी हा शहाणा टिटवीच्या अंड्यांची संख्या, उंची आणि दिशा जाहीर करतो!

पहिला फोन थोरल्या बहिणीचा, लंकाबाईचा. "आरं शिरमंता, अंडी उंचावर हाईत म्हंतोस. किती उंच?"

"असेल कमरेभर. का गं आक्का?"

"का काय? सखलात घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर लई. चार अंडी म्हंजी चार म्हयनं. येवढं बी इसरला व्हय रं नगरात जाऊन? आमच्या हिकडं औंदा टिटवी दिसलीच न्हाई कुनाला. मी येती."

लंकाबाई आली ती एकटी नाही, टेम्पो भरून आली. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया, पागोटेवाले म्हातारे, कापूस लावावा की बाजरी पेरावी या चिंतेतली तरणी माणसं. दुसऱ्या दिवशी तीन टेम्पो आले. तिसऱ्या दिवशी शेवगावकडचे. श्रीमंतरावांचा फोन तापून बंद पडला. घरी मुक्ताबाई चहाची पातेली चढवतायत, आणि भागवत सर कुंपणावरून म्हणतायत, "भाऊसाहेब, भेळेशिवाय एवढी?"

नदीवर तर विद्वत्सभाच भरली. एक म्हातारा म्हणाला, ढीग कंत्राटदाराच्या मुरमाचा, ही उंची खरी धरायची नाही. दुसरा उसळला, "मुरूम कुनाचा हाय ते टिटवीला काय ठाव? तिनं जागा निवडली का न्हाई? मग!" टोकं आत म्हणजे काय, यावर दोन गावांची बोलाचाली होता होता राहिली. पण एक गोष्ट होती. टिटवी भिजल्या पोटानं डबक्याकडून निघाली की ही सगळी भांडखोर माणसं जागच्या जागी गप्प व्हायची. लंकाबाईनं वीस पावलांवर दोरी बांधली होती आणि त्या दोरीच्या आत माणूस सोडा, सावलीसुद्धा जात नव्हती.

पंकजा सगळ्यांना दुर्बीण द्यायची, पाण्यातले किडे दाखवायची, नदी कुठून येते, गटाराचं पाणी कुठं मिसळतं ते सांगायची. लोक ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "पन ताई, पाऊस व्हईल ना?"

ती खोटं बोलली असती तर कुणाचं काय गेलं असतं? पण तिनं आत्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आत्या, टिटवीला पावसाचं कळतं असं मला नाही सांगता येणार. तिला पूर येणार नाही अशी कोरडी जागा हवी असते, एवढंच मला माहीत आहे. या अंड्यांवर भरवसा ठेवून पेरू नका, पुरेशी ओल बघून पेरा."

श्रीमंतरावांनी टेम्पोंकडे बघितलं. आता ही माणसं उठून जाणार! पण लंकाबाई म्हणाली, "आगं, आमाला तरी कुठं खात्री हाय? पन कुनीतरी आपल्यापरीस आधी इचार केलाय, येवढं बघून जरा बरं वाटतं बाई." आणि कुणीही उठलं नाही.

दोन जूनला सकाळी आप्पासाहेबांचा जेसीबी आला. पंकजा ढिगापुढं जाऊन उभी राहिली. श्रीमंतरावांनी लांबून बघितलं. ते धावले, शर्टाची इस्त्री, वय, गुडघे, सगळं विसरून, आणि तिच्या शेजारी उभे राहिले. हातात त्रुटी लिहिलेला अर्ज. त्याचा जेसीबीपुढं काय उपयोग, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पण जेसीबी आधीच थांबला होता. ड्रायव्हर भीमा खाली उतरला. त्यानं चपला काढल्या, दोरीपाशी आला, अंड्यांकडं बघितलं आणि हात जोडले. "सायेब, माजं गाव खरवंडीकडं. ह्यो ढीग मी सपाट केला तर गावात तोंड दावता यायचं न्हाई मला."

आप्पासाहेब तरातरा आले. कंत्राटदारी आवाज लावला, दोघातिघांना दम दिला. मग दीडशे माणसं आपल्याकडं नुसती बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाम पुसला, श्रीमंतरावांना बाजूला घेतलं आणि आवाज एकदम उतरवून म्हणाले, "भाऊसाहेब, आपली काष्टीला वीस एकर हाय. टोकं आत म्हंजी नक्की काय धरायचं?"

व्यासपीठ साठ फूट बाजूला गेलं. तिथं फोटोत मागे नदीऐवजी स्वच्छतागृह येत होतं, त्याला इलाज नव्हता.

पाच जूनला पाहुणे दहाला येणार होते, म्हणजे साडेअकराला आले. तोवर नदीकाठी माणूस मावत नव्हता. पहाटेच दोन अंडी फुटली होती, नऊपर्यंत चारही. टिटव्यांनी टरफलं एकेक करून लांब नेऊन टाकली. पिल्लं अंगठ्याएवढी, मुरमाच्याच रंगाची, पिसं वाळत पडलेली.

अध्यक्षांनी माईक हातात घेतला. "उपस्थित बंधू आणि भगि..."

तेवढ्यात पहिलं पिल्लू उभं राहिलं.

"श्शऽऽ!" चारशे माणसांनी मान वळवून अध्यक्षांना गप्प केलं. उभ्या जिल्ह्यात असं कधी झालं नसेल.

जन्माला येऊन काही तासच झालेला तो जीव लटपटला, सावरला आणि चालू लागला. त्याच्यामागे दुसरं, तिसरं, चौथं. आई पुढं, बाप मागं. ढीग उतरून ती पाण्याच्या दिशेनं निघाली, आणि वाटेत माणसं होती. कुणी काही सांगितलं नाही. गर्दी आपोआप दुभंगली. पागोटी, लुगडी, पाहुण्यांची जाकिटं, सगळं मागं सरलं आणि मधून एक वाट झाली.

अर्ध्या वाटेवर आभाळात घार आली. टिटवी किंचाळली. पिल्लं जागच्या जागी चपटी झाली आणि दिसेनाशीच झाली, मुरूम नुसता. आणि काय सांगावं, तिच्या त्या एका हाकेसरशी चारशे माणसंही तशीच गोठली! हात वर असलेला वरच, शिंक आलेला शिंक गिळून, अध्यक्ष माईक धरून. भागवत सरांनी तर डोळेसुद्धा मिटून घेतले. नदीचं एवढंसं पाणी वाहताना ऐकू येत होतं. श्रीमंतरावांना त्या काठावर इतक्या वर्षांत ते कधी ऐकू आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले, आणि ते पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

घार गेली. टिटवी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. चार खडे उठले आणि लव्हाळ्यात शिरले.

त्यानंतर भाषण कुणी केलं नाही. आढावा घ्यायला आलेल्या बाईंनी वही मागितली. सह्या आणि अंगठे मिळून चारशे सव्वीस. अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "पण ही मंडळी पावसाचा अंदाज बघायला आलेली. याला नदीफेरी कसं म्हणायचं?"

श्रीमंतराव पुढं झाले. खिशातून पत्र काढलं. "साहेब, अट क्रमांक सात. 'किमान शंभर नागरिकांची उपस्थिती.' का आले, ते कुठं विचारलेलं नाही. त्रुटी असेल तर लेखी द्या, पूर्तता करतो."

बाई हसल्या आणि वहीवर सही केली. सहा महिने पुढं चालू.

टेम्पो भरत होते. एक खूप म्हातारा बाबा, लंकाबाईच्याच गावचा, काठी टेकत श्रीमंतरावांपाशी आला. लव्हाळ्याकडं दुर्बीण लावून बसलेल्या पंकजाकडं त्यानं हनुवटी केली. "ती पोरगी कोनाची रं?"

"माझी."

"काय करती?"

शेजारी भागवत सर होते, कट्टा सगळा होता. श्रीमंतरावांनी घसा खाकरला.

"नदीवर असते," ते म्हणाले. "टिटवी राखते."

बाबानं मान डोलावली. जणू तलाठी आहे, नर्स आहे, तसंच ऐकल्यासारखी. "बरं झालं," तो म्हणाला. "कोन करीत हुतं आधी?"

"कुणीच नाही, बाबा," श्रीमंतराव म्हणाले.